दहा वाजून पंच्याहत्तर

भरतच्या नव्या घड्याळात दहा वाजून पंच्याहत्तर मिनिटं झाली तेव्हा विहिरीवर तीन माणसं होती, आणि पहिल्यांदा हसला तो संपत.

"पंच्याहत्तर? आरं भरत, ओतुरात मिनिटं किलोवर मिळाय लागली का?"

भरतनं घड्याळाची डबी हलवली. हलवून काही होत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बिघडलेला टीव्ही थोपटून थोपटून दुकानात आणणाऱ्या गिऱ्हाइकांना तो रोज शिव्या घालायचा. तरी हलवली. पंच्याहत्तरची शहात्तर झाली.

"चालतंय की," साळुबाई म्हणाली. "थांबलं तर न्हाई ना?"

ती त्याची चुलती, तो तिला नानी म्हणायचा. धाकट्या चुलत्याची बायको, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. संपत थोरल्या चुलत्याचा मुलगा, भरतपेक्षा आठ वर्षांनी मोठा. डिंगोऱ्याच्या शिवारात तिघांत मिळून एक विहीर. ती त्यांच्या आज्यानं, राघूबाबानं खणली आणि मरताना तिघांच्या नावावर सारखी ठेवून गेला. विहीर सारखी वाटता येते. पाणी वाटायला घड्याळ लागतं, आणि तिथंच सगळी बोंब होती.

२००८ सालचा मार्च. लोडशेडिंगमुळं मोटरची लाईट दिवसाला आठ तास, आणि त्या महिन्यात ती सकाळी दहाला यायची. विहिरीला पाणी इतकं कमी की तीन दिवस भरू द्यायची आणि चौथ्या दिवशी उपसायची. आठ तासांचे तीन वाटे, प्रत्येकी दोन तास चाळीस मिनिटं. पहिली पाळी साळुबाईची, मधली भरतची, शेवटची संपतची. कागदावर इतकं सोपं की तिसरीतलं पोर सोडवील. पण संपतच्या मनगटावर एक वेळ, भरतच्या मोबाईलवर दुसरी, आणि साळुबाई पिशवीत घालून आणायची ते राघूबाबाचं, म्हणजे तिच्या आबांचं, चावीचं घड्याळ सगळ्यांच्या वीस मिनिटं मागं. लाईट आली की ती घड्याळ बघायचीच नाही, म्हणायची, दहाला लाईट आली, बाराचाळीसला मी बंद करणार, आणि ते बाराचाळीस मात्र त्याच घड्याळात बघायची. तिचे बाराचाळीस म्हणजे बाकीच्या जगाचा एक.

गेल्या महिन्यात संपतनं चार माणसांदेखत तिला चोर म्हटलं. "काकी, वीस मिनिटं दर पाळीला चोरतेस. सालाचं किती झालं, धर हिशोब." साळुबाई म्हणाली, "आबांनी लावलेलं घड्याळ हाये, मी चावी सोडून कशाला हात लावला नाय." संपत म्हणाला, मेलेल्या माणसाच्या नावावर काय बी खपतं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

भरतला हे सहन झालं नाही. आई गेल्यावर त्याला साळुबाईनं जेवू घातलेलं. पण खरं सांगायचं तर नुसतं प्रेम नव्हतं. त्याला दाखवायचं होतं. आयटीआय अर्ध्यात सोडलेला माणूस, ओतूरच्या एसटी स्टँडजवळ पत्र्याच्या टपरीत टीव्ही आणि मोबाईल दुरुस्त करणारा, त्याला कुणी इंजिनिअर म्हणत नाही. इंजिनिअर म्हणवणारे त्याच्याकडं मोबाईलचा डिस्प्ले बदलायला येतात आणि टेबलावरच्या सर्किटकडं असं बघतात जसं काही मांजरानं घाण केलीय.

पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला एक जीपीएस सापडला होता. कुठल्याशा ट्रान्सपोर्टच्या गाडीवरून उपटलेला, साबणाच्या वडीएवढा काळा गोळा, खाली लोहचुंबक आणि मागं एक लांब वायर. विकणाऱ्याला ते काय आहे हेच माहीत नव्हतं. तो त्याला बुद्धिबळाच्या सोंगट्यांशेजारी ठेवून बसला होता. भरतनं वायर सोलली, दोन तारा ओळखल्या, मधे एक चिप घातली आणि कंट्रोलरला, म्हणजे घड्याळाच्या मेंदूला, जोडलं. ओतूरच्या सायबर कॅफेत बसून इंग्रजीतली पानं अडखळत अडखळत वाचली. गोळ्याला आकाश दिसलं की तो सेकंदाला एकदा आकड्यांची ओळ ओकतो. त्यात तुम्ही कुठं आहात ते असतं, आणि किती वाजले तेही. उपग्रहांवरची वेळ. तिला बटण नाही, चावी नाही. कुणाच्या बापाला ती मागंपुढं करता येत नाही.

म्हणजे भांडणच मिटलं, असं त्याला वाटलं.

उपग्रह लंडनकडची वेळ सांगतात, आपली साडेपाच तास पुढं. भरतनं पाच तास आणि तीस मिनिटं मिळवली आणि साठाच्या वर गेलं तर तास वाढवायचा, एवढं लिहायला विसरला. म्हणून पंच्याहत्तर. ते त्यानं दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं. तर तारखेचा घोटाळा निघाला. वेळ अचूक, पण तारीख जुलै १९८८.

"आता हे काय?" संपतनं विचारलं.

"जुना हाये रिसीव्हर. आठवडे मोजतो, अन एक हजार चोवीस झाले की पुन्हा एकपासनं."

"ज्याला साल कळंना त्याला मिनिट काय कळायचं?"

भरतकडं याला उत्तर होतं, पण ते बोलून दाखवताना त्याचं त्यालाच खोटं वाटायला लागलं. वीस वर्षांनी चुकणारं यंत्र सेकंदाला चुकत नाही, हे विहिरीच्या काठावर उभं राहून कुणाला पटवून द्यायचं?

"अठ्ठ्याऐंशी साल म्हंजी आबा व्हते," साळुबाई म्हणाली. "त्यात आबांना फोन लागतो का बघ. मी चोर हाये का इचारते."

संपतला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घातलं. भरतनं तारीखच काढून टाकली, नुसती वेळ ठेवली. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांशी लावून दाखवली. शेवटचा ठोका आणि घड्याळातलं शून्य एकत्र पडलं. तीनदा लावून बघितल्यावर संपत म्हणाला, "मान्य." गोळा मोटरघराच्या पत्र्यावर चुंबकानं चिकटला, डबी स्टार्टरशेजारी स्क्रूनं बसली. तिघांनी विहिरीच्या काठावर बेलभंडार उचलून शपथ घेतली, की इथून पुढं हे घड्याळ सांगंल ती पाळी. साळुबाईनं आबांचं घड्याळ घरी ट्रंकेत ठेवून दिलं.

पहिल्या पाळीला तिचे पाच वाफे कोरडे राहिले.

तिचा कांदा चाळीस वाफ्यांचा. एका वाफ्याला चार मिनिटं लागतात. दोन तास चाळीस मिनिटांत चाळीस वाफे, बरोबर. भरतनं बोटांवर केलं, मग मोबाईलमध्ये केलं. बरोबरच येत होतं. पण भिजले पस्तीस.

"फावडं हळू चाललं असंल नानी."

"तीस सालं दारं धरते मी. तू मला फावडं शिकवू नको."

दुसऱ्या पाळीलाही पाच. तिनं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली, म्हणजे मागचे उपाशी पाच आधी भिजले आणि अलीकडचे पाच राहिले. कांदा पोसायला आलेला. या दिवसांत एक पाणी चुकलं की गाठ लिंबाएवढीच राहते आणि पात वरून पिवळी पडते. तिसऱ्या पाळीला तर तिनं भरतला हाताला धरून वाफ्यात नेलं, एक कांदा उपटला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. तेवढा कांदा हेच तिचं सालभराचं उत्पन्न. बाकी तिच्याकडं शेळ्या दोन, आणि पोरगी आंबेगावात दिलेली.

भरतची झोप उडाली. टपरीत तो दिवसभर प्रोग्रॅम चाळायचा. मिनिट लहान पडतंय का? एका मिनिटात साठ सेकंद मोजतोय का एकोणसाठ? पुन्हा आकाशवाणी लावली. ठोका बरोबर. दुसरा कंट्रोलर टाकला. बरोबर. मग संशय मोटरवर गेला. पण मोटर तीच, आणि त्याच्या स्वतःच्या पाळीला त्याचा सगळा लसूणघास भिजत होता. संपतचं शेत तर भिजून वर ओघळ रस्त्यावर यायला लागला होता. पूर्वी संपतच्या शेताचा शेवटचा पट्टा कोरडा राहायचा, आता पाणी उरतंय. म्हणजे साळुबाईचं पाणी संपतकडं गेलं. पण कसं? वेळ सारखी, मोटर एक, विहीर एक.

"घड्याळ बरोबर हाये ना?" त्याची बायको पुष्पा म्हणाली.

"हाये."

"मग कांदा चुकतोय का?"

त्यानं ताट सरकवलं. त्याला खरंच कळत नव्हतं. चुकलेल्या यंत्रात चूक शोधता येते. बरोबर चाललेल्या यंत्रात कुठं हात घालायचा?

चौथ्या पाळीला तो दुकान बंद ठेवून मोटरघरात घड्याळापुढं बसला, बगळ्यासारखा. दहाला लाईट आली, मोटर धडधडली, साळुबाई फावडं खांद्यावर टाकून खाली निघाली. जाताना म्हणाली, "डबीपुढं काय बसलायस? ऊठ, पाण्याबरोबर चाल."

पाण्याबरोबर चालायचं म्हणजे अक्षरशः पाण्याबरोबर. पाट कच्चा, मुरमाड. पाण्याची जीभ काडीकचरा ढकलत पुढं सरकायची, थांबायची, एखादं उंदराचं बीळ भरून काढायची, पुन्हा सरकायची. संपतचं शेत विहिरीला लागून. तिथं ती लगेच आली. भरतचं बांधापलीकडं. साळुबाईचं सगळ्यात शेवटी, उतारावर, साडेपाचशे पावलं. भरत मोबाईल हातात धरून चालला. त्याच्या स्वतःच्या बांधावरची बाभळ आली तेव्हा बारा मिनिटं झालेली. साळुबाईच्या पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी पाणी आलं तेव्हा वीस.

तो तिथंच पाटाच्या काठावर उकिडवा बसला.

वीस मिनिटं. दर पाळीला तिचं घड्याळ सुरू आणि वाफ्यात थेंब नाही. तिची पाळी संपली की भरत आपल्या तोंडाशी पाट फोडतो. खालच्या पाटात राहिलेलं पाणी मुरूम पिऊन टाकतो. ती पाट भरून देते आणि बाकी दोघं भरल्या पाटावर बसतात. त्याला आठवून आठवून एवढंच आठवलं, की आपण तीस वर्षांत एकदाही पाण्याबरोबर चाललो नव्हतो. आपली पाळी आली की पाट भरलेलाच असायचा.

म्हणजे आज्याचं घड्याळ मागं होतं ते बरोबर होतं? आज्यानं जाणूनबुजून ठेवलं होतं, की स्प्रिंगच ढिली होती? सांगायला आज्या नाही. साळुबाईला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं. ते मागं व्हतं अन कांदा भिजायचा, एवढं ठावं."

संध्याकाळी तो संपतकडं गेला. संपत ओट्यावर बसून घमेल्याला जोड मारत होता.

"दादा, तिचं वीस मिनिट पाट भरण्यातच जातं."

"मग?"

"मग ते तिघांत वाटलं पायजे. तिच्या एकटीच्या बोडक्यावर का?"

"पाट लांब कुणी काढला? मी काढला?" संपत शांतपणे म्हणाला. शांत संपत जास्त वाईट. "घड्याळ कुणी आणलं? मी आणलं? तूच बोलला ना, कुणाच्या बापाला फिरवता येत नाय? बेलभंडार उचललाय भाऊ. आता तुला फिरवायचंय व्हय?"

"फिरवायचं नाय, पण—"

"अन पहिली पाळी तिची का? सांग की. तीनच वाटे ना, मग पहिली तिलाच का?"

भरतला माहीत नव्हतं. होतीच पहिल्यापासून.

"कारण लाईट सहापर्यंत कधी टिकती का? साडेपाचला जाती, पाचला जाती. जाती ती कुणाच्या पाळीत? माझ्या. गेल्या सालात अकरा वेळा गेली. मी मोजून ठेवलंय. तवा आलास का तू माझ्या वट्यावर? तवा माझ्या मिनिटांचं घड्याळ केलंस का?"

भरत घरून भांडायचं ठरवून आला होता आणि आता त्याला कुणाशी भांडायचं तेच कळेना. संपत खोटं बोलत नव्हता. साळुबाई खोटं बोलत नव्हती. घड्याळ तर खोटं बोलूच शकत नव्हतं. तिघंही खरे आणि पाच वाफे वाळतायत. खोटं बोलणारा एकजण तरी सापडला असता तर त्याच्या नरड्याला धरता आलं असतं.

रस्त्यात त्याला साळुबाई भेटली, शेळ्या घेऊन. त्यानं सगळं सांगितलं, अकरा वेळांसकट. तिनं ऐकून घेतलं.

"अकरा वेळा?"

"म्हणतो."

"मग बोलला का न्हाई कधी? चोर म्हणायला जीभ हाये अन हे बोलायला न्हाई?" तिनं शेळीची दोरी दुसऱ्या हातात घेतली. "सांग त्याला, घे म्हणावं पहिली पाळी. मी शेवटाला बसते."

"नानी, लाईट गेली तर पाच न्हाई, दहा जातील."

"तुझ्या घड्याळात तर रोजच पाच जात्यात. जाऊन सांग."

पाळी उलटी झाली. पहिला संपत, मग भरत, शेवटी साळुबाई. त्या दिवशी संपतनं स्वतः स्टार्टर दाबला आणि त्याच्या शेतात पाणी लगेच शिरलं. बारा चाळीसला त्यानं एक मिनिटही जास्त न घेता पाट सोडला, मुद्दाम, दाखवून. भरतच्या तोंडाशी पाणी यायला बारा मिनिटं लागली. ती बारा मिनिटं त्याला पहिल्यांदाच भोगावी लागली, आणि तो चिडला. कुणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं. तीन वीसला त्यानं आपलं दार लावलं. पाट त्याच्यापर्यंत भरलेलाच होता, म्हणून साळुबाईला आठच मिनिटं थांबावं लागलं.

ती वाफ्यावर वाफा भिजवत गेली. पदर कमरेला खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. एक वाफा भरला की फावड्यानं दार लावायचं, दुसरं मोडायचं. भरत बांधावर बसून मोजत होता. वीस झाले. पंचवीस झाले. साडेपाच वाजायला आले तसा तो उठून उभा राहिला. उभं राहून लाईट टिकते थोडीच, पण बसवेना.

पाच बत्तीसला मोटरचा आवाज खोल गेला आणि थांबला.

साळुबाईच्या पायापाशी येणारी धार बारीक झाली, तुटली. ती फावडं तसंच धरून उभी राहिली. विहिरीकडून संपत येताना दिसला. भरत पळत मोटरघराकडं गेला. डबीवरचे आकडे विझलेले. अठ्ठावीस मिनिटं तिची राहिली, हे सांगायला आता घड्याळही नव्हतं. ते लाईटीवरच चालत होतं. बॅटरी जोडायची त्यानं कधीची ठरवली होती. स्वतःला एक सणसणीत शिवी घालून तो परत आला तेव्हा दोघं समोरासमोर उभे होते.

"गेली," संपत म्हणाला.

"गेली," साळुबाई म्हणाली.

"माझी अशीच जायाची."

"मला ठावं नव्हतं. आज ठावं झालं." तिनं फावडं बांधावर टेकवलं. "संपत, ते घड्याळ-बिड्याळ मला कळत न्हाई. माझे नऊ वाफे राहिले. पुढच्या पाळीला आधी माझे नऊ भिजवायचे, मग तुमी काय वाटायचं ते वाटा."

"अन माझे राहिले तर?"

"तुझे आधी."

"किती राहिले ते कोण सांगनार? तू?"

"तू मोज की. डोळं हायेत ना?"

भरत मधे पडला. "थांबा. मिनिटांनी काढू. अठ्ठावीस मिनिटं म्हणजे सात वाफे होतात, नऊ नाय. मग पाट भरायची आठ मिनिटं धरली तर..." बोलता बोलता त्याच्या डोक्यात सगळं एकमेकांत गुंतलं. सात, नऊ, अठ्ठावीस, आठ. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "म्हणजे बघा, तिची वेळ तीन वीसला सुरू, का पाणी आलं तेव्हापासून सुरू? पाण्यापासून धरली तर तुझीपण पाण्यापासून, मग आठ तासांत तीन पाळ्या बसतच नायत..."

कुणी ऐकत नव्हतं. संपत पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून वाफ्यांत उतरला होता. तो कोरड्या कडेनं निघाला. प्रत्येक वाफ्याशी थांबायचा, वाकून माती बोटांनी दाबून बघायचा, पुढं जायचा. शेवटच्या वाफ्यापर्यंत गेला. मग उलटा फिरून पुन्हा मोजत आला. साळुबाई त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दुसरी शिवी ऐकायची तयारी होती.

एकतिसाव्या वाफ्यापाशी संपत बराच वेळ वाकून राहिला. त्यात अर्ध्यापर्यंत चमक होती, पुढं भेगा तशाच.

"काकी," तो तिकडूनच ओरडला, "नऊ कुणी सांगितलं तुला? ह्याच्या पुढल्या अर्ध्याला पाणी पोचलंच न्हाई. साडेनऊ हायेत."